बिल्यानाला आणायला जाताना

थेसालोनिकी विमानतळ, २५ जानेवारी

आई,

पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून फाड. फोन केला की माझा आवाज ऐकताच तू ठेवून देतेस, म्हणून हे लिहिणं. शिवाय इथे बसून दुसरं करण्यासारखं काही नाही. आम्हाला सोफियाला उतरायचं होतं. सोफियावर सकाळपासून बर्फाचं वादळ आहे, धावपट्टी दिसत नाही, म्हणून वैमानिकानं आम्हाला ग्रीसमध्ये आणून टाकलं. आता बस देणार म्हणतात. कधी, ते कुणी सांगत नाही. माझ्या समोरचा एक गृहस्थ मघापासून काउंटरवरच्या मुलीला ओरडतोय, जणू बर्फ तिनंच पाडलंय.

मी बिल्यानाला आणायला निघालेय. हो, शेवटी मिळाली. दत्तकाचा निकाल नाताळाच्या आधी लागला. कायद्यानं आता मी तिची आई आहे. तुला हे एर्मिनियाकडून कळलं असेलच. मी तिला मुद्दाम सांगितलं. तिच्या कानावर घातलं की आपल्या गावात, मुरोसमध्ये, वेगळी दवंडी पिटावी लागत नाही.

मला अजून राग आहे, ते लपवत नाही. ती समाजसेविका तुझ्याकडे चौकशीला आली तेव्हा मला वाटलं होतं, तू तिला दोन शिंपले खायला घालशील आणि मुलगी भली आहे म्हणशील. तू काय म्हणालीस? "चष्मे चांगले बनवते ती. पण पोर वाढवणं म्हणजे काचा घासणं नव्हे. एकटी आहे, पंचेचाळिशी उलटली. आणि त्या पोरीचं कुणीतरी असेलच की कुठंतरी. पोरं काय झाडाला लागतात?" त्या बाईनं मला ते सगळं नंतर वाचून दाखवलं. तुझ्या त्या बोलण्यानं माझं काम वर्षभर मागं पडलं. एक वर्ष, आई. तिच्या पाच वर्षांतलं एक.

आता तिच्याविषयी ऐक. डावा डोळा नाकाकडे पळतो. जाड काचांचा चष्मा आहे, एका काडीला चिकटपट्टी लावलेली. मी ऑक्टोबरमध्ये तिला पहिल्यांदा भेटायला गेले, तेव्हा तासाभरात ती माझ्या मांडीवर येऊन बसली. ती राहते त्या मुलांच्या संस्थेच्या संचालिका म्हणाल्या, "ही कुणाकडे जात नाही हो." माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी विचारलं. दुभाषी बाई बाहेर सिगारेट ओढत होती, त्यामुळे शब्द कळले नाहीत. पण मी हसून "हो, हो" म्हटलं आणि ती एवढी खूश झाली की मला मिठीच मारली.

तू म्हणायचीस ना, परकं पोर कधी चिकटत नाही म्हणून? चिकटलं.

बस आली वाटतं.

साबेला


मेझ्द्राच्या पुढचं एक लहान स्टेशन, २७ जानेवारी

आई,

मागचं पत्र अजून माझ्याच पिशवीत आहे. हे आणि ते तुला एकदमच मिळेल.

सोफियाला पोचलो तेव्हा दुभाषी रुम्याना वाट बघत उभी होती. साठीची आहे. तरुणपणी हवानात शिकली, त्यामुळे तिची स्पॅनिश क्युबन बायकांसारखी हेलकावे खाते. रस्ते बंद होते, म्हणून आम्ही गाडी पकडली. डोंगर ओलांडला आणि गाडी थांबली. पुढं दरड कोसळावी तसं बर्फ रुळांवर कोसळलंय. ते हटवायला इंजिन आलं, तेच घसरून आडवं झालं. मग डब्यातली ऊब गेली. लाल टोपी घातलेली स्टेशनमास्तरीण आली आणि आम्हा सगळ्यांना हाकत प्रतीक्षालयात घेऊन गेली. तिथे कोळशाची शेगडी आहे. तिनं घरून घेवड्याचं सूप आणलं, भलं मोठं पातेलंभर.

"किती वेळ लागेल?" रुम्यानानं विचारलं.

"मला काय विचारता? बर्फाला विचारा."

बिल्याना कालपासून वाट बघत असणार. गुरुवारी घेऊन जाऊ म्हणून सांगितलं होतं. आज शुक्रवार.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

काल मधल्या एका स्टेशनवर एक म्हातारी आमच्या डब्यात चढली. काळा रुमाल, हातात विणलेली पिशवी. नाव नेदा. तिनं बसल्या बसल्या बानित्सा काढली, म्हणजे चीजचे थर भरलेली पातळ पोळी, आणि तिचे तीन तुकडे करून एक माझ्या हातावर ठेवला. "खा, खा. थंडीत पोट रिकामं ठेवू नये." मग तिचं आणि रुम्यानाचं बोलणं सुरू झालं. रुम्याना मला अधूनमधून सांगत होती: हिच्या कोंबड्या थंडीनं अंडी देत नाहीत, हिचा डावा हात सारखा बधिर होतो. मग म्हातारी बराच वेळ बोलली, आणि त्यात मला दोनदा "बिल्याना" ऐकू आलं.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"काही नाही गं. गुडघे दुखतात म्हणते."

"गुडघ्यांचं नाव बिल्याना आहे का?"

रुम्यानानं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. "साबेला, चेहरा आहे तसाच ठेव आणि ऐक. ही तिची आजी आहे. आईची आई. संस्थेनं हिला कळवलंय, स्पेनची बाई मुलीला न्यायला येतेय, भेटायचं तर ये. ही तिथेच चाललीय."

तेवढ्यात म्हातारीनं माझ्याकडे बोट करून विचारलं, ही कोण?

रुम्याना पटकन म्हणाली, "पोर्तुगालची आहे. आपल्याकडचे गुलाब बघायला आलीय."

"जानेवारीत?"

"पोर्तुगालच्या लोकांना काय कळतंय, आजी."

म्हातारी हसली आणि मला बानित्साचा आणखी एक तुकडा दिला. बहुधा कीव आली असावी.

त्यानंतर ती मोकळेपणी स्पेनवालीविषयी बोलत राहिली. तिचं चष्म्यांचं दुकान आहे म्हणे. लग्न नाही म्हणे. अशा बाईला पोर कशाला हवं असेल? चांगली असेल का? मारेल का? रुम्याना मला सगळं सांगत होती, आवाज न बदलता, जणू कोंबड्यांचंच बोलणं चाललंय. मी मान खाली घालून चावत राहिले.

प्रतीक्षालयात आल्यावर मी रुम्यानाला कोपऱ्यात घेतलं. "मला कुणी सांगितलं का नाही? मला सांगितलं होतं आई वारली, बापाचा पत्ता नाही."

"खरंच आहे ते. आजीचा कायद्यात हक्क नाही, म्हणून कुणी नाव घेतलं नाही. हिला पोर सांभाळणं झेपेना, म्हणून हिनंच तिला तिथं नेऊन ठेवलं."

तू म्हणाली होतीस, कुणीतरी असेलच. आहे, आई. शेगडीपलीकडे बाकावर बसलंय आणि माझ्याकडे बघून हसतंय. तुला बरं वाटलं असेल तर वाटू दे.

तिनं पोर परत मागितलं तर? मी दिवसभर हाच विचार करतेय. कायदा माझ्या बाजूनं आहे हे मनाशी दहादा म्हणून झालं. आणि तरी त्या म्हातारीची मला भीती वाटतेय.

साबेला


तेच स्टेशन, २८ जानेवारी

आई,

आज सकाळी मी बाकावर बसले होते. नेदा आजी उठली, एकेक पाऊल टाकत माझ्याशेजारी येऊन बसली. माझ्या पिशवीच्या तोंडातून एक लाल बाही बाहेर आली होती. तिनं ती चिमटीत धरली, कापड चोळून बघितलं, आणि रुम्यानाला हाक मारली.

"हिला सांग, कोट चांगला आहे. आत अस्तर आहे. पण पोर्तुगालच्या बाईला एवढासा कोट होणार कसा?"

रुम्यानाचं तोंड उघडंच राहिलं.

"परवा गाडीत बिल्यानाचं नाव घेतलं तेव्हा हिचा घास तोंडातच राहिला," म्हातारी म्हणाली. "मी काय डोळे घरी ठेवून आलेय? म्हटलं, बघू तरी कशी आहे. माझ्या समोर बसून माझंच खाते, पण मान वर करत नाही. लाज आहे तिला. लाज असलेली बाई पोराला मारत नाही."

मी तिचा हात धरला. मग जे मनात होतं तेच विचारलं. "तुम्हाला ती परत हवीय का?"

"घेऊन काय करू, पोरी? हात बधिर होतो. चूल पेटवताना दोनदा पडले. आमच्या गावात घरं आहेत, माणसं नाहीत. उद्या मी गेले तर पोरगी माझ्याजवळ बसून राहील आणि कुणाला कळायचंसुद्धा नाही. ने तू. पण मला आधी तिच्याशी बोलू दे. त्याच्यासाठीच निघालेय."

मग तिनं सांगितलं. तिच्या मुलीचं नाव गाल्या. गाल्या आपल्याच देशात होती, आई. दक्षिणेला, उएल्व्याकडे, स्ट्रॉबेरी तोडायला. बिल्याना तेव्हा तान्ही होती; एक हंगाम करून परत येते म्हणाली. पहाटे बायकांना मळ्यावर नेणारी गाडी उलटली. गाल्याला तिथेच पुरलं. इकडे आणणं जमलं नाही. नेदा आजी तिला माती द्यायलाही गेली नाही, कारण कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

"पोरगी बोलायला लागली आणि विचारायला लागली, आई कुठे? मी म्हटलं, स्पेनला. खोटं नाही सांगितलं. तिथंच आहे ती. जमिनीखाली आहे, एवढंच नाही सांगितलं."

रुम्याना मध्येच थांबली. चष्मा काढून पुसत बसली. म्हातारीनं तिला कोपरानं ढोसलं. "सांग की पुढं. त्याच्यासाठी पैसे घेतेस ना?"

पुढचं असं होतं. ऑक्टोबरमध्ये मी भेटून गेल्यावर बिल्यानानं आजीला फोनवर सांगितलं, "आजी, आईनं बाई पाठवलीय मला न्यायला. मी तिला विचारलं, तू मला आईकडे नेणार ना? ती हो म्हणाली."

मी हो म्हणाले होते, आई. दोनदा.

ती मांडीवर येऊन बसली होती ती माझ्यासाठी नव्हे. आईचा निरोप घेऊन आलेल्या बाईच्या मांडीवर बसली होती ती. मी तुला किती तोऱ्यात लिहिलंय ते पत्र पिशवीत आहे. फाडून टाकावंसं वाटलं. नाही फाडलं. तूही वाच.

"मी सांगते तिला," मी म्हटलं. "तुम्ही कशाला एवढा त्रास..."

"तू नाही!" म्हातारी एवढ्यानं ओरडली की शेगडीजवळची माणसं वळून बघायला लागली. मग तिनं आवाज खाली आणला. "तुझ्या तोंडून कळलं तर ती जन्मभर तुझा रागराग करेल. आणि तुझ्याचकडे तर राहायचंय तिला. माझा करू दे. मी काय, आज आहे उद्या नाही."

दुपारी स्टेशनमास्तरीण सांगत आली, वाट मोकळी होतेय, संध्याकाळच्या आत निघाल. सगळे टाळ्या वाजवायला लागले. नेदा आजीनं पिशवीतून कंगवा काढला, केस विंचरले, धुतलेला रुमाल बांधला. पोरीसमोर नीट जावं म्हणून. मग उठायला गेली आणि एका कुशीवर कलली. मला वाटलं पाय घसरला. मी धरलं तेव्हा तिचं अर्धं तोंड खाली ओघळलं होतं, आणि ती बोलत होती पण त्याचे शब्द होत नव्हते. रुम्याना तिच्या तोंडाजवळ कान नेऊन पुन्हा पुन्हा म्हणत होती, "कळत नाही, आजी, कळत नाही."

सैन्याची बर्फावर चालणारी गाडी आली. ती मागं जाणार होती, मेझ्द्राच्या दवाखान्यात. मी तिच्याबरोबर चढायला पाय उचलला. रुम्याना म्हणाली, "आणि पोरगी?" मी तशीच उभी राहिले, एक पाय गाडीच्या पायरीवर. मग म्हातारीनं चांगल्या हातानं मला ढकललं. सांगितलं नाही, खुणावलं नाही. छातीवर हात ठेवून ढकललं, पुढच्या दिशेला.

आमची गाडी थोड्या वेळात सुटेल म्हणतात.

साबेला


मेझ्द्राचा दवाखाना, ३० जानेवारी

आई,

बिल्याना माझ्यासोबत आहे. म्हणजे ती बाकाच्या त्या टोकाला आहे आणि मी या. आमच्या मधे रुम्याना आहे.

काल सकाळी आम्ही संस्थेत पोचलो तेव्हा ती दारातल्या स्टुलावर बसली होती. बूट घालून. संचालिका म्हणाल्या, "गुरुवारपासून बूट काढू देत नाही. झोपतेसुद्धा त्यांच्यासकट. काढले आणि तुम्ही आलात तर उशीर होईल म्हणते." मला बघताच ती उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्यामागे, दाराबाहेर, गाडीकडे बघत काहीतरी म्हणाली.

या खेपेला रुम्याना शेजारीच होती. "विचारतेय, आई गाडीत आहे का?"

मी म्हटलं, "तिला सांग, आपण आधी आजीकडे जातोय."

संचालिकाबाईंना ते पटलं नाही. "तुमचं विमान? रस्ता पुन्हा बंद होईल. आजीला तसंही काही कळत नसेल." चांगल्या बाई आहेत, काळजीनंच म्हणत होत्या. मी बिल्यानाला नवा चष्मा घातला, लाल कोट घातला, आणि बर्फ हटवणाऱ्या ट्रकच्या मागोमाग एका टॅक्सीनं आम्ही निघालो. वाटेत तीन ठिकाणी थांबून राहावं लागलं. बिल्याना सगळा वेळ माझ्या मांडीवर होती. काचेवर वाफ धरायची, तिच्यात बोटानं ती बायका काढायची, लांब केसांच्या. मला दाखवायची. मी "छान" म्हणायचे. खोटं बोलणं किती सोपं आहे, आई. काही बोलावंच लागत नाही.

ती जागी होती. नेदा आजी. वाचा गेलीय, पण डोळ्यांत ती पूर्ण होती. बिल्याना दारातच थबकली, ते वाकडं तोंड बघून. मग हळूहळू पलंगाजवळ गेली आणि आजीच्या उशीवर डोकं टेकलं. म्हातारीनं तोंड उघडलं. आवाज आला; गायीच्या वासरासारखा. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच. तिच्या कपाळावर घाम आला. ती सांगायचा प्रयत्न करत होती, मला कळत होतं, काय ते. शेवटी तिनं माझ्याकडे बघितलं.

मी रुम्यानाला म्हटलं, "मी सांगते. तू तिच्या भाषेत म्हण."

"माझ्या तोंडून नको गं. मी कागदपत्रांची दुभाषी आहे."

"रुम्याना."

तिनं कोट काढून खुर्चीवर ठेवला, आणि माझ्याशेजारी गुडघ्यावर बसली. मी सांगितलं: तुझी आई स्पेनलाच आहे, ते खरं आहे. पण ती वारली. तू लहान असताना. ती तुला न्यायला येऊ शकत नाही. मी तिनं पाठवलेली नाही. मी माझी मी आलेय.

रुम्याना मध्ये थांबली आणि स्पॅनिशमध्ये मला म्हणाली, "आजीला ठाऊक होतं, हे सांगू का?"

"नको."

"मग पोरीला वाटेल, तूच फसवलंस."

"वाटू दे."

बिल्यानानं सगळं ऐकून घेतलं. मग आजीकडे वळून एकच शब्द विचारला. मला वाटतं, "खरं?" आजीनं डोळे मिटले. आणि बिल्याना माझ्या अंगावर धावून आली. डोक्यानं, मुठींनी, बुटांनी. त्या न काढलेल्या बुटांनी. नडगीवर, पोटावर. ती ओरडत होती, आणि रुम्यानाला भाषांतर करायची गरज पडली नाही.

तेव्हा नेदा आजी तो आवाज काढायला लागली. चांगल्या हातानं ती स्वतःच्या छातीवर मारत होती. मी, मी, मी, असं ती म्हणत होती, हे मला आणि रुम्यानाला कळलं. बिल्यानाला नाही. तिला वाटलं आजीला दुखतंय. ती मला सोडून आजीकडे धावली, तिचा हात धरून ठेवला आणि त्याची चुंबनं घ्यायला लागली.

मी म्हातारीकडे बघून मान हलवली. राहू दे, म्हटलं. तिला माझी भाषा येत नाही. पण तिनं छातीवर मारणं थांबवलं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. ती रागावली होती की काय होतं, मला सांगता येणार नाही.

आमचं विमान काल गेलं. पुढचं कधी मिळेल ते मी विचारलेलं नाही.

साबेला


सोफिया, ४ फेब्रुवारी

आई,

नेदा आजी बुधवारी सकाळी गेली. नर्स खिडकी उघडायला आली तेव्हा लक्षात आलं.

तिला तिच्या गावी नेलं. जमीन एवढी गोठली होती की शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी आधी तिथे शेकोटी पेटवली, मग पहारीनं खणलं. कुणीतरी उकडलेले गहू आणले होते, साखर घातलेले. आपल्याला चमचाभर हातावर देतात आणि मेलेल्याच्या नावानं खायचं असतं. बिल्यानानं सगळ्यांना दिले. मला दिले नाहीत. मग एका बाईनं तिला काहीतरी सांगितलं, तेव्हा आली आणि माझ्या हाताकडे न बघता चमचा उपडा केला. निम्मे गहू बर्फात पडले. मी उरलेले खाल्ले.

ती माझ्याशी बोलत नाही. जेवते. मी केस विंचरले तर विंचरू देते. झोपताना भिंतीकडे तोंड करते. रुम्यानाचा हात धरते, माझा धरत नाही. रुम्याना काल म्हणाली, "मी तुमच्याबरोबर विमानात नसेन. मग काय करशील?" तू समाजसेविकेला म्हणालीस ते, की ही एकटीनं निभावणार नाही, ते मला या आठवड्यात फार वेळा आठवलं. आधी रागानं आठवायचं. आता तसंच आठवतं.

मी रुम्यानाला एकदा विचारलंही, "हिला इथंच ठेवणं बरं होईल का?" ती माझ्यावर खेकसली. "कुणाकडे ठेवतेस? त्या स्टुलाकडे? माझ्याजवळ रडायचं तर रड, पण असलं काही बोलू नकोस."

आज दुपारी आम्ही हॉटेलच्या खाली सूप प्यायला बसलो होतो. बिल्यानानं चमचा खाली ठेवला आणि रुम्यानाला विचारलं, "हिला आई आहे का?"

"आहे," रुम्याना म्हणाली.

"कुठे आहे?"

"स्पेनला."

बिल्यानानं तिच्याकडे असं बघितलं की रुम्याना एकदम गोरीमोरी झाली. "नाही गं, नाही. तशी नाही. जिवंत आहे. समुद्राकाठी राहते. मासेमारीची जाळी दुरुस्त करते."

"कुणी सांगितलं?"

"हिनंच."

बिल्याना माझ्याकडे बघेना. ती टेबलाकडे बघत म्हणाली, "सगळे म्हणतात, स्पेनला आहे."

मग रुम्यानाच उठली. हॉटेलच्या काउंटरवर फोन आहे. तिनं मला नंबर विचारला. मी म्हटलं, ती ठेवून देईल. रुम्याना म्हणाली, "ठेवायला तरी आधी उचलावा लागतो ना? तेवढं पुरे." तिनं फिरवला आणि रिसीव्हर बिल्यानाच्या कानाला लावला. मी शेजारी वाकून उभी होते, म्हणून मलाही ऐकू येत होतं.

आज तीनच्या सुमाराला तुझा फोन वाजला, आणि पलीकडून कुणी बोललं नाही. तू म्हणालीस, "कोण?" मग, "अहो, कोण बोलतंय?" तुझ्याकडे रेडिओ चालू होता. मग म्हणालीस, "एर्मिनिया, तू आहेस का गं? फोन करायचा आणि तोंड शिवून बसायचं, ही कुठली पद्धत?" तू खोकलीस. तो खोकला अजून गेला नाही तुझा. बिल्याना श्वाससुद्धा न घेता ऐकत होती. मला वाटलं, आता ठेवशील. नाही ठेवलास. तू रेडिओ बंद केलास, आणि हळूच म्हणालीस, "साबेला?"

बिल्यानाला तेवढा एक शब्द कळला. तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि रुम्यानाकडे बघून म्हणाली, "आहे."

मग माझ्याकडे वळली. दवाखान्यातल्या त्या दुपारनंतर पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. रिसीव्हर माझ्यापुढे धरला आणि काहीतरी म्हणाली. रुम्यानानं सांगितलं, "म्हणतेय, तुझी आई बोलवतेय. बोल ना तिच्याशी."

मी तो कानाला लावला. तुझा श्वास ऐकू येत होता. बिल्याना माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

मला बोलता आलं नाही, आई. म्हणून लिहितेय.

साबेला